निळी पट्टी: बारा व्होल्टचे चार करणाऱ्या सर्किटची गोष्ट

ज्यांनी एपिसोड ऐकला त्यांच्या लक्षात असेल की सुरुवातीला मी माईक एका सर्किटच्या जवळ नेला होता आणि दहा सेकंद काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन-तीन जणांनी "दादा, ऑडिओ गेलाय" असा मेसेज पण केला. ऑडिओ गेला नव्हता. ते सर्किट त्या वेळी सेकंदाला साधारण दीड लाख वेळा चालू-बंद होत होतं. माणसाचा कान वीस हजारांपर्यंतच ऐकतो, म्हणून शांतता. आज त्या शांततेची गोष्ट.

वस्तू तुम्ही पाहिली असेल. दोन पेरं लांब, बोटभर रुंद, बहुतेक वेळा निळ्या रंगाची पट्टी. दोन टोकांना दोन-दोन भोकं: आत प्लस-मायनस, बाहेर प्लस-मायनस. मधे पाच पायांची काळी चिप, तांब्याची तार गुंडाळलेली एक कॉइल, दोन उभे कपॅसिटर, एक डायोड, आणि वर पितळी स्क्रू असलेला निळा चौकोनी ठोकळा, ज्याला आपण प्रीसेट म्हणतो. चिपवर लिहिलेलं असतं एलएम २५९६. हा बक कन्व्हर्टर. जास्त व्होल्टेज घेतो, कमी व्होल्टेज देतो. मी पहिला घेतला तेव्हा साठ रुपये दिले होते, म्हणजे एका मिसळीपेक्षा कमी.

आता मी त्याच्या नादाला का लागलो, ते सांगतो.

सांगली जिल्ह्यात माझ्या मामाचं गाव. ऊस आहे, विहिरीवर मोटर आहे. शेतीची थ्री फेज लाइट काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री, आणि रात्रीची आली की कधी येईल याचा भरवसा नाही. मामा रात्री एकला उठायचे, बॅटरी घेऊन शेतात जायचे, लाइट आली असेल तर दारं धरायचे, नसेल तर बांधावर बसून राहायचे. मोटर आपोआप चालू करणारा ऑटो बाजारात मिळतो, तो होता पण. पण मोटर चालू झाली आणि दारं धरायला कोणी नसलं तर पाणी एकाच सरीत जातं नाहीतर शेजाऱ्याच्या रानात. म्हणजे मामांना मोटर चालू करून देणारा नको होता, लाइट आल्याचं सांगणारा हवा होता. उसात रात्री काय काय फिरतं हे गावाकडच्यांना सांगायला नको. मामी रोज म्हणायच्या, "अहो, पायात बूट घाला." मामा रोज चपला घालून जायचे.

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. म्हटलं, सोपं आहे. मोटरच्या पेटीत एक सिमकार्डवाला मॉड्यूल बसवायचा, लाइट आली की मामांना मिस्ड कॉल. लाइट नसताना पण मॉड्यूल जागा पाहिजे, म्हणून बारा व्होल्टची यूपीएसमधली बॅटरी. मॉड्यूल होता सिम ८०० एल. त्याला लागतात ३.४ ते ४.४ व्होल्ट. बारातून चार काढायचे, बस्स.

पुण्यात तपकीर गल्लीतून ७८०५ घेऊन आलो. तीन पायांची चिप, आत काहीही द्या, बाहेर पाच व्होल्ट. पुढे एक डायोड लावला, त्यावर ०.७ गेले, राहिले ४.३. कागदावर एकदम बरोबर. टेबलावर ठेवल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक, मॉड्यूल नेटवर्क शोधायला लागला की बंद पडून परत सुरू व्हायचा. परत शोधायला लागला की परत बंद. कारण टॉवरशी बोलताना तो क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतो, आणि ७८०५ एक-दीडच्या पुढे जात नाही. दोन, मी बोटाने ७८०५ ला हात लावला. अजून आठवतंय.

ती चिप एवढी का तापते याचं गणित चौथीतलं आहे. बारा आत, पाच बाहेर, मधले सात व्होल्ट कुठे जातात? अर्धा अँपिअर करंट धरला तर सात गुणिले अर्धा, साडेतीन वॅट. हे सगळं उष्णता म्हणून हवेत. उपयोगाचे किती? पाच गुणिले अर्धा, अडीच वॅट. म्हणजे कामापेक्षा जास्त वीज आपण चिप तापवायला वापरतोय, तीही बॅटरीवर, जी पुन्हा चार्ज व्हायला लाइट पाहिजे, जी कधी येईल ते माहीत नाही.

आता ७८०५ ला शिव्या द्यायच्या आधी तिचं घराणं बघू, कारण त्यातली एक गोष्ट आपल्या निळ्या पट्टीपर्यंत येते.

बॉब विडलर नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर होता. याला अहो-जाहो करवत नाही. दारू प्यायचा, बॉसशी भांडायचा. १९७० मध्ये त्याची कंपनी नॅशनल सेमिकंडक्टर, तिने खर्च कमी करायचा म्हणून हिरवळ कापणं बंद केलं, तर हा पठ्ठ्या एक मेंढी घेऊन आला आणि ऑफिससमोर चरायला बांधली. पण चिप डिझाइन करण्यात त्याच्यासारखा माणूस त्या काळात नव्हता. त्याच सुमाराला त्याने एलएम ३०९ केली: तीन पाय, पाच व्होल्ट, बाकी काही लावायला नको. ७८०५ ही फेअरचाइल्डची, तिच्या पाठोपाठ आलेली, त्याच कल्पनेची.

विडलरसमोर अडचण होती ती उष्णतेचीच. पाच व्होल्ट देणाऱ्या चिपला पाच म्हणजे किती हे कळायला आत एक मापाचं व्होल्टेज लागतं. आणि चिप तापली की आतलं सगळंच सरकतं, मापही. किराणा दुकानात दुपारी ऊन वाढलं की किलोचं वजन हलकं व्हावं, तसं. विडलरने ट्रान्झिस्टरमधली दोन व्होल्टेज घेतली: एक गरम झाल्यावर कमी होतं, दुसरं वाढतं. योग्य प्रमाणात दोन्हींची बेरीज केली की चढ-उतार एकमेकांना खातात, आणि जे उरतं ते जवळपास स्थिर. ती बेरीज येते सव्वा व्होल्टच्या आसपास. हा आकडा कोणी ठरवलेला नाही, तो सिलिकॉन या पदार्थाचाच गुण आहे. याला बँडगॅप रेफरन्स म्हणतात. कल्पना त्याच्या आधी मांडली गेली होती, पण चालू उत्पादनातल्या चिपमध्ये ती बसवून दाखवली विडलरने.

आता निळी पट्टी हातात घ्या आणि तिचा स्क्रू उलटा फिरवत फिरवत जेवढं कमी जाईल तेवढं जाऊ द्या. मल्टिमीटरवर साधारण १.२३ व्होल्ट येतील आणि तिथे थांबेल. त्याच्या खाली जाणार नाही. का? कारण आतलं माप १.२३ चं आहे आणि मापापेक्षा कमी तिला मोजता येत नाही. म्हणजे उष्णतेशी झगडताना वापरलेला तो आकडा आजही साठ रुपयांच्या पट्टीवर तुम्हाला दिसतो.

पण माप स्थिर झालं तरी साडेतीन वॅट हवेत जायचे ते जाणारच. तिथे पद्धतच वेगळी पाहिजे.

तुमच्यापैकी किती जणांनी आजीचं पायमशीन चालवलंय? पायाने पावटी दाबायची, उजवीकडचं जड चाक फिरतं, सुई चालते. समजा मशीन हळू चालवायचंय. एक उपाय असा: पाय पूर्ण जोरात चालवायचे आणि चाकावर हात दाबून धरायचा. वेग कमी होईल, पण तळहात भाजेल. ७८०५ नेमकं हे करते. दुसरा उपाय, जो आजी करते: पावटीला एक झटका, मग पाय सैल, चाक आपल्या जडपणाने फिरतंय, थोडं मंदावलं की परत एक झटका. हात कुठेच दाबलेला नाही, ताकद वाया गेलेली नाही, आणि टाके मात्र एकसारखे.

निळ्या पट्टीतली कॉइल म्हणजे ते जड चाक. तिचा स्वभाव असा की तिच्यातला करंट अचानक वाढत नाही आणि अचानक थांबतही नाही. चिपमधला स्विच चालू होतो, बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो, कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. स्विच बंद होतो, तेव्हा ते क्षेत्र ओसरता ओसरता करंट पुढे ढकलत राहतं, आणि त्याला फिरून यायचा रस्ता डायोड देतो. कपॅसिटर उरलेले धक्के गिळतो. बारा व्होल्टचे चार करायचे तर स्विच साधारण एक तृतीयांश वेळ चालू, दोन तृतीयांश वेळ बंद. चिप बाहेरचं व्होल्टेज त्या १.२३ च्या मापाशी ताडून बघत राहते आणि ही वेळ कमी-जास्त करते. थोडी ऊर्जा स्विचमध्ये आणि डायोडमध्ये जातेच, पण निम्म्याहून जास्त जाळण्याची भानगड नाही.

कॉइलमधला करंट तोडून तिच्याकडून काम करून घ्यायचं, ही युक्ती मात्र फार जुनी आहे. आयर्लंडमध्ये मेनूथ नावाच्या गावी धर्मगुरू तयार करणारं कॉलेज होतं. तिथे निकोलस कॅलन हे फादर विज्ञान शिकवायचे. त्यांनी १८३६ मध्ये इंडक्शन कॉइल बनवली. बॅटरीचा करंट एका कॉइलमधून सोडायचा आणि फटकन तोडायचा. तोडण्याच्या क्षणी शेजारच्या दुसऱ्या कॉइलमध्ये प्रचंड व्होल्टेज उठतं. हाताने किती वेळा तोडणार? म्हणून त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेचा उपयोग केला. एक तार पाऱ्याच्या वाटीत बुडायची, बाहेर यायची, बुडायची, बाहेर यायची. जगातल्या सुरुवातीच्या स्विचिंग सर्किटांमधलं हे एक, आणि त्यात स्विच म्हणजे पाऱ्याची वाटी.

पुढे शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकात, मोटारींमध्ये रेडिओ आले. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, रेडिओतल्या व्हॉल्व्हना लागायचे दोनशेच्या आसपास. मग पत्र्याच्या डबीत एक पोलादी पट्टी बसवली, जी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरायची आणि करंट तोडायची-जोडायची. तिला व्हायब्रेटर म्हणत. ती गुणगुणायची, म्हणून डबीला आतून स्पंज लावत. तिचे काँटॅक्ट जळायचे, चिकटायचे.

शंभर वेळा आणि दीड लाख वेळा, यात फरक काय पडतो? चाकाच्या वजनाचा. पावटीला मिनिटातून एकदाच झटका देणार असाल तर चाक जात्याएवढं जड पाहिजे, नाहीतर मधेच थांबेल. सेकंदाला दहा झटके दिलेत तर छोटं चाक चालतं. तसंच करंट जितक्या वेगाने तोडाल तितकी कॉइल लहान. म्हणून सगळा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: वेगाने तोडणार कोण? पारा नाही, पोलादी पट्टी नाही. ट्रान्झिस्टर पाहिजे, तोही मोठा करंट पेलणारा आणि चपळ. शिवाय कॉइलच्या आतला गाभा असा पाहिजे की एवढ्या वेगात तापणार नाही. लोखंडाचा गाभा तापतो. तो प्रश्न फेराइट नावाच्या काळ्या चुंबकीय सिरॅमिकने सोडवला, ज्यावर १९३० च्या दशकात जपानमध्ये काम झालं. टीडीके ही कंपनी, जिच्या कॅसेट तुमच्या बाबांच्या कपाटात असतील, ती १९३५ मध्ये फेराइट बनवायलाच सुरू झाली होती.

ट्रान्झिस्टर चपळ झाले, पण महाग होते. मग महाग वस्तू पहिल्यांदा कोण वापरणार? ज्याला वजनाची आणि उष्णतेची किंमत पैशापेक्षा जास्त आहे तो. १९६० च्या दशकातले उपग्रह, क्षेपणास्त्रं, अंतराळयानं. आणि इथे मला खरोखर आनंद झाला ती गोष्ट सांगतो. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानात एक कॉम्प्युटर होता, अपोलो गाइडन्स कॉम्प्युटर. एमआयटीत डिझाइन केलेला, वजन तीसेक किलो. यानात वीज यायची साधारण २८ व्होल्टची. कॉम्प्युटरला लागायचे ४ आणि १४ व्होल्ट. ते २८ चे ४ कसे करायचे? बक कन्व्हर्टरने. स्विच, कॉइल, डायोड, कपॅसिटर. आत्ता तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या निळ्या पट्टीत जी मांडणी आहे, तीच १९६९ च्या जुलैत चंद्रावर उतरली होती. विहिरीवरच्या पेटीत मला बाराचे चारच करायचे होते, हा योगायोग मला उगाच मोठा वाटतो.

मग हे घरात कधी आलं? इथे एक प्रसिद्ध गोष्ट आहे, आणि ती चुकीची आहे.

१९७७ मध्ये ॲपल टू हा कॉम्प्युटर आला. स्टीव्ह जॉब्स यांना त्यात पंखा नको होता, आवाज नको म्हणून. पंखा नाही तर उष्णता कमी पाहिजे, उष्णता कमी तर जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय चालणार नाही. त्यांनी रॉड होल्ट या इंजिनिअरला गाठलं आणि होल्टनी स्विचिंग पद्धतीचा छोटा, थंड सप्लाय बनवला. त्याचं पेटंटही १९७८ मध्ये मिळालं. इथपर्यंत सगळं खरं. पण वॉल्टर आयझॅकसन यांनी लिहिलेल्या जॉब्सच्या २०११ च्या चरित्रात जॉब्स म्हणतात की हा सप्लाय क्रांतिकारक होता आणि आज सगळेच कॉम्प्युटर होल्टच्या डिझाइनची नक्कल करतात. तुम्ही यूट्यूबवर हा किस्सा ऐकला असेल. मी एका जुन्या एपिसोडमध्ये तो जसाच्या तसा सांगितला होता, अगदी रंगवून. तो एपिसोड अजून आहे, मी डिलीट केलेला नाही. त्याखाली दुरुस्ती टाकली आहे.

केन शिरिफ म्हणून एक अमेरिकन इंजिनिअर आहेत, जुनी यंत्रं उघडून बघायचा त्यांना नाद. २०१२ मध्ये त्यांनी या दाव्याचा पाठपुरावा केला आणि ॲपलच्या आधीची उदाहरणं समोर मांडली. एचपी कंपनीचा १९७२ चा एचपी ३५ कॅल्क्युलेटर, खिशात मावणारा, त्यात स्विचिंग सप्लाय होता. रॉबर्ट बोशर्ट नावाच्या माणसाने १९७० मध्ये नोकरी सोडली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वस्त स्विचिंग सप्लाय बनवायला घेतले. काही वर्षांत ते प्रिंटरसाठी मोठ्या संख्येने बनू लागले. शिरिफ यांचं म्हणणं असं की क्रांती ॲपलने केली नाही, क्रांती केली ती नव्या, वेगवान आणि स्वस्त ट्रान्झिस्टरांनी. नंतरच्या कॉम्प्युटरांनी होल्ट यांचं डिझाइन उचललं असंही दिसत नाही, ते वेगळ्या रचनेचे सप्लाय होते.

होल्ट यांचं काम कमी होतं असं कोणी म्हणत नाही. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवणं धाडसाचंच होतं. पण बोशर्ट हे नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत ना? मी पण त्या लेखातच वाचलं. चांगल्या गोष्टीला एक हिरो लागतो, आणि ज्याच्याकडे माईक जास्त मोठा तो हिरो ठरवतो. हे पॉडकास्टवाल्याने म्हणणं थोडं विनोदी आहे, मान्य.

ॲपल टूच्या आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, अजून एक घटना घडली आणि तिचा किस्सा कोणी सांगत नाही. सिलिकॉन जनरल या कंपनीच्या बॉब मॅमानो यांनी एसजी १५२४ ही चिप आणली. स्विच किती वेळ चालू, किती वेळ बंद, हे ठरवणारं डोकं तोपर्यंत मूठभर सुट्या भागांनी बनवावं लागायचं. ते सगळं एका चिपमध्ये आलं. माझ्या मते घराघरात स्विचिंग सप्लाय पोहोचायला हिचा हात ॲपलच्या डबीपेक्षा मोठा आहे.

तरीही हौशी माणसाला ते झेपत नव्हतं. कॉइल किती हेन्रीची, कोणता गाभा, किती वेढे, सगळं हिशेबाने. चुकलं तर ट्रान्झिस्टर फुटतो. तेव्हा नॅशनल सेमिकंडक्टर, तीच मेंढीवाली कंपनी, तिने एक वेगळा विचार केला. ज्याला हा विषय येत नाही त्यालाही जमला पाहिजे. त्यांनी सिंपल स्विचर नावाची मालिका काढली. ताकदवान स्विच, मेंदू, १.२३ चं माप, सगळं एका चिपमध्ये. बाहेर फक्त चार भाग: दोन कपॅसिटर, एक डायोड, एक कॉइल. आणि माहितीपत्रकात तयार तक्ते: तुमचं व्होल्टेज एवढं, करंट एवढा, तर अमुक कॉइल बाजारातून आणा. गणित करायचंच नाही. त्यातली एलएम २५७६ सेकंदाला ५२ हजार वेळा तोडायची. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेली एलएम २५९६, दीड लाख वेळा. वेग तिप्पट, कॉइल लहान. आत ४० व्होल्टपर्यंत घेते, तीन अँपिअरपर्यंत देते. २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने नॅशनल विकत घेतली, त्यामुळे आज अस्सल एलएम २५९६ टीआयची असते.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. चीनमधल्या कारखान्यांनी हेच चार भाग आणि एक प्रीसेट पट्टीवर बसवून जगभर पाठवले. रास्पबेरी पायने २०१४ च्या बी प्लस मॉडेलमध्ये जुन्या पद्धतीचे रेग्युलेटर काढून स्विचिंगचे बसवले आणि अर्धा ते एक वॅट वाचवला. आणि ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय त्यात असे कितीतरी बारके बक कन्व्हर्टर आत्ता चालू आहेत, बॅटरीच्या पावणेचार व्होल्टचे प्रोसेसरला लागतात तेवढे, एक व्होल्टच्या आसपास, करत.

तर परत विहिरीवर. ७८०५ काढून मी निळी पट्टी आणली. घाई झाली होती, गणपतीला गावाला जायचं होतं. पट्टीला चार वायरी डाग देऊन जोडल्या, एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला मॉड्यूल, आणि स्विच दाबला. टक् असा बारीक आवाज आणि तो ओळखीचा वास. नवी पट्टी येते तेव्हा तिचा प्रीसेट कुठेही असू शकतो. माझा जवळजवळ वरच्या टोकाला होता. मॉड्यूलला चारऐवजी अकराच्या वर मिळाले. साडेतीनशे रुपयांचा मॉड्यूल, साठ रुपयांच्या पट्टीने, एका सेकंदात. पट्टीला काही झालं नाही. त्या गणपतीत मामा रात्रीचे तसेच गेले शेतात, मी अंथरुणात पडून पावलांचा आवाज ऐकला. चपलाच होत्या.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी फक्त बॅटरी जोडायची, बाहेरच्या बाजूला मल्टिमीटर, स्क्रू फिरवत बसायचं. प्रीसेट पंचवीसेक वेढ्यांचा असतो, सुरुवातीचे दहा-बारा वेढे फिरवून काहीच हललं नाही तर तो बिघडलाय असं समजू नका, फिरवत राहा. आकडा बसला की मगच पुढचं जोडायचं. प्लस-मायनस दोनदा बघायचं, उलटं जोडलं तर ही पट्टी माफ करत नाही.

दुसऱ्या खेपेला पट्टी ऑनलाइन मागवली, वीस रुपये स्वस्त मिळाली. चार व्होल्टला लावली, चालली. पण मॉड्यूल कधी कधी रीसेट व्हायचा आणि चिप हात लावण्याच्या पलीकडे तापायची. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपला लावून बघितलं. चिपवर छापलंय एलएम २५९६, म्हणजे दीड लाखाची अपेक्षा. स्क्रीनवर दिसत होते पन्नास हजार. हे माझ्या एकट्याचं नाही, जगभरातल्या अनेक हौशी लोकांना हेच सापडलंय. आत जुन्या, संथ चिपची नक्कल आणि वर नव्या चिपचं नाव. कॉइल मात्र दीड लाखाच्या हिशेबाने लहान दिलेली. चाक लहान आणि झटके कमी. ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलमध्ये करंटची चढ-उतार जिथे अर्ध्या अँपिअरची असायला हवी तिथे दीडच्या पुढे जाते. मग ती तापणार नाहीतर काय करणार?

म्हणून आता मी छापलेल्या तीन अँपिअरवर जात नाही. अशा पट्टीकडून सलग दीड अँपिअरपर्यंतच मागतो, त्याहून जास्त लागत असेल तर ज्याचा पुरवठादार माहीत आहे अशी चिप घेतो. मामांच्या पेटीत शेवटी अशीच अस्सल चिपवाली पट्टी बसवली, आणि मॉड्यूलच्या अगदी पायाशी एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे तो दोन अँपिअरचा घोट जवळच्या जवळ मिळेल.

एक काम राहिलं होतं. मोटर चालू होताना पेटी थरथरते, आणि त्या थरथरीत प्रीसेटचा स्क्रू हळूहळू सरकू शकतो. त्यावर इलाज म्हणून लोक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकतात, वाळला की हलत नाही. गावात दुकान बंद झालेलं. मामींनी कपाटातून एक बाटली काढून दिली, लग्नाच्या वेळची, निम्मी घट्ट झालेली. लालभडक थेंब. पेटीचं दार लावलं, जेवलो, झोपलो.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मामांचा फोन वाजला. ते उठले, दारापर्यंत गेले, परत फिरले आणि बूट शोधायला लागले. दिवा लावल्याशिवाय सापडेनात, म्हणून सगळं घर जागं झालं.